पान ११८

पूर्णगडच्या केंद्रशाळेत दोन दिवसांचं प्रशिक्षण.
सतरंजीवर आम्ही एकतीस जण,
प्रत्येकाला एक वही, एक पेन, एक ग्लास कोकम सरबत,
आणि खिडक्यांवर काळं कापड,
गॅदरिंगच्या राक्षसाचं,
प्रोजेक्टरला अंधार लागतो म्हणून.

शिकवायला आलेली अन्विता खातू
माझ्या मुलीच्या वयाची.
म्हणाली, पाठ्यपुस्तक जरा मिटून ठेवू.
आज कागदालाच विचारू :
तुला कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं,
आणि लिहिताना काय गाळलं?
होडेकर सर कुजबुजले,
"पोषण आहाराच्या रजिस्टरला विचारून बघा हे."
मागची रांग हसली. तीही हसली.
"सर, तेही साधनच. शंभर वर्षांनी."
मग सर हसले नाहीत.

मग कागद आला.
म्हणजे यायला लागला.
आमच्याकडे रेंज भरती-ओहोटीसारखी,
फक्त तिचं पंचांग नाही.
आधी वरची कड, वाळवीनं खाल्लेली,
मग शिक्का,
मग मोडीची पहिली ओळ,
हात न उचलता लिहिलेली,
जाळं विणताना सुई जाते तशी.

अन्विता बोट ठेवून वाचत गेली.
कुठल्याशा बंदरावरची जकात :
सुटे नारळ सातशे.
काथ्याचे गठ्ठे अकरा.
मीठ. सुका बांगडा.
आम्ही खूश. हे तर आमच्याच परसातलं.
पाटणकर बाईंनी तिथल्या तिथे गणित मांडलं,
शेकड्याला इतकं, तर सातशेंना किती,
आणि वहीत 'समवाय' लिहून
खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात चक्र गोल फिरायला लागलं.
चहा झाला.
चहानंतर पान आणखी दोन बोटं उतरलं :

कुणबीण, एक.
जकात रुपये दोन.

मला वाटलं, कुणी शेतकरीण असेल.
नाव पुढच्या ओळीत असेल.
अन्विता म्हणाली, इथे अर्थ वेगळा,
विकत घेतलेली बाई.
पुढच्या ओळीत गूळ होता.

"नाव?" होडेकर सरांनी विचारलं.
तिनं पान मोठं केलं. आणखी मोठं.
कागदाचे धागे दिसले,
शाईचा तांबूस ओघळ,
मग नुसते चौकोन.
चौकोनांत नाव नव्हतं.

पाठटाचणाचे नमुने वाटले होते.
घटक. उद्दिष्ट. शैक्षणिक साहित्य.
वेळ पस्तीस मिनिटं.
उद्दिष्टासमोर मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांना'
आणि पेन तिथेच टेकवून बसले.
बावीस वर्षं या शब्दानंतरचं
आपोआप येत होतं.

सोमवारी सातवीला दाखवलं,
माझ्याच फोनवर, हातोहात.
मुलांनी शिक्का ओळखला, नारळ मोजले,
एकीनं विचारलं, दोन रुपये तिनं भरले का?
मी नाही म्हटलं.
मग प्रणील डोर्लेकर,
जो एरवी खिडकीतून होड्या बघत तास काढतो :
"बाई, पप्पा जातात तेव्हा टोकन लिवतात.
किती खलाशी, किती वाजता.
बोट आली का परत लिवतात.
हिचं आल्याचं कुठं लिवलंय?"

"शोधू," म्हटलं.
दुसरं काय म्हणणार.

आमच्या शाळेत झेंड्याच्या कट्ट्यावर
एक कांडी रेंज मिळते.
मधल्या सुट्टीत आता पाच-सहा जण तिथे,
डबे तसेच, फोन आभाळाकडे धरलेला.
मोडी त्यांना येत नाही.
एकच शब्द येतो,
त्याचं वळण मी फळ्यावर काढून दिलंय,
तेवढंच ते शोधतात.
एकशे एकोणीस झालं.
एकशे वीस झालं.
दप्तरात चारशे चाळीस पानं आहेत,
आणि मधली काही, अन्विता सांगत होती,
चिकटलेली, उघडलीच नाहीत.

घंटा होते. मी हाक मारते.
इकरा सोलकर मागे न बघता हात हलवते :
"थांबा ना बाई,
अर्धं पान आलंय."